गल्लीतला धूर कुणाचा

"तुमचा तो खोकल्या आमच्या हद्दीत कुणी आणून ठेवला, ते आधी सांग."

मोजणीदाराच्या तोंडात ब्रश होता, त्यामुळे त्याच्याकडे अजून थोडा वेळ होता. तो वेळ त्यानं पुरेपूर वापरला. वरचे दात झाले, खालचे झाले, जीभ झाली. बायको बाथरूमच्या दारातून हलली नाही.

"चूळ भर आणि बोल."

"अगं, तात्पुरता ठेवलाय."

"तात्पुरता म्हणजे किती?"

"आराखडा संपेपर्यंत."

"आराखडा माझाही संपतोय. त्याच दिवशी."

त्यानं परत एकदा चूळ भरली.

खोकल्या म्हणजे जनरेटर. चालू केला की आधी दहाबारा वेळा खोकतो, मग काळा धूर सोडतो आणि त्यानंतर कधीतरी पंखे फिरतात. मोजणीदाराच्या ऑफिसचा. आणि तो दुसऱ्याच्या हद्दीत गेला म्हणजे नेमकं काय झालं, ते कळायला आधी गल्ली समजून घ्यायला हवी.

गल्लीच्या अलीकडे एका विभागाचं सरकार, पलीकडे दुसऱ्याचं. दोन्ही सरकारांनी पाच वर्षांपूर्वी हवामानाचा आराखडा काढला. पाच वर्षांत धूर वीस टक्के कमी करायचा. दोघांनाही आराखड्याचं ऑफिस गावाबाहेर कुठंतरी ठेवून द्यायचं होतं, आणि दोघांच्याही गावाबाहेर ही एकच गल्ली होती. त्यामुळे दोन ऑफिसं एकमेकांच्या समोरासमोर येऊन बसली. अलीकडच्या ऑफिसात मोजणीदार धूर मोजायचा, पलीकडच्या ऑफिसात त्याची बायको. ओळखही धूर मोजायच्या ट्रेनिंगमध्येच झाली. ट्रेनिंग पंधरा दिवसांचं, त्यानंतर दोन महिन्यांत लग्न. राहायला गल्लीतच, अलीकडच्या बाजूला, सासऱ्यांच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर.

आराखड्यात असं ठरलं होतं की आधी आराखड्याच्या ऑफिसनं स्वतः वीस टक्के कमी करून दाखवायचे, मग बाकीच्या विभागाला सांगायचं. पाच वर्षं होत आली, आराखडा काही कंपाउंडच्या बाहेर पडला नव्हता.

दोघंही कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस घरी, परत अकरा महिन्यांची ऑर्डर. आराखडा पास झाला की कायम करू, असं दोन्ही सरकारांनी लेखी दिलेलं. नापास झाला तर पदच बंद. त्यामुळे त्या घरात सगळं कायम होण्यावर टांगलेलं होतं. कायम झालो की नळ बदलू. कायम झालो की समुद्र बघायला जाऊ. चार वर्षं नळ ठिबकत होता. खाली एक पातेलं होतं, आणि आता त्या पातेल्याचंही बूड गेलं होतं.

आणि अशा वेळी मोजणीदारानं तोंड उघडलं.

त्याच्या साहेबांना सगळे टक्केसाहेब म्हणायचे. चहा अर्धा हवा असला तरी "पन्नास टक्के दे" म्हणणारा माणूस. आठ दिवसांपूर्वी त्यांनी मोजणीदाराला बोलावलं.

"किती झाले?"

"साडेअकरा टक्के, साहेब."

पाच वर्षांत बल्ब बदलले होते, लिफ्ट बंद केली होती, हिटर काढला होता. साहेब स्वतः तीन जिने चढून यायचे आणि पहिला अर्धा तास काहीच बोलू शकायचे नाहीत. स्टाफच्या मते आराखड्याचा खरा फायदा हा एवढाच.

"खोकल्याचे किती?"

"नऊ."

"म्हणजे खोकल्या नसता तर?"

"साडेवीस. बंद करून टाकू का?"

"आणि लाईट गेल्यावर पंखा कोण फिरवणार?"

जेवायची वेळ टळून गेली होती. डबा टेबलावर गार होत होता. मोजणीदार भुकेला असला की चिडतो, आणि चिडला की विनोद करतो. "मग रस्त्यापलीकडे नेऊन ठेवा," तो म्हणाला. "तक्त्यात लिहिलंच आहे, ज्याच्या हद्दीत जळेल त्याच्या नावावर. वायर टाका, वीज आपल्याला, धूर त्यांना."

साहेब हसले नाहीत. साहेबांनी पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी सहा जणांनी खोकल्याला साखळदंड बांधून पलीकडच्या एका बंद गॅरेजमध्ये नेलं. गल्लीवरून वायर आली. तक्त्यात साडेवीस टक्के आले, साहेबांनी खाली सही ठोकली आणि कागद दोन्ही विभागांच्या वर असलेल्या मोठ्या ऑफिसला रवाना झाला.

बायकोच्या तक्त्यात एकोणीस होते. त्याचे दहा झाले.

तर आता ती बाथरूमच्या दारात उभी होती.

"परत ने."

"आकडा वर गेलाय गं. आता कसा परत आणू?"

"म्हणजे तू कायम होणार आणि मी घरी बसणार."

"एकाचं तरी होईल," मोजणीदार म्हणाला.

साहेबांपुढे केलेली चूक एकवेळ निस्तरता आली असती. ही नाही. बायकोनं पर्स घेतली, चपला घातल्या आणि रोजच्यापेक्षा वीस मिनिटं आधी निघाली. गल्ली ओलांडून गेली आणि तिच्या मॅडमना तक्त्यातला तोच नियम वाचून दाखवला.

दुपारी मोजणीदार खिडकीशी आला तर पलीकडच्या कॅन्टीनची भट्टी अलीकडे, त्याच्याच ऑफिसच्या भिंतीला टेकून उभी. पलीकडचा अख्खा स्टाफ रस्ता ओलांडून चहाला येत होता, पिऊन परत जात होता.

मागून साहेब येऊन उभे राहिले. "हे किती टक्के?"

"सहा, साहेब."

"आपल्या नावावर?"

"भिंत आपली आहे ना."

साहेबांनी सगळा तक्ता मागवून घेतला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. सातव्या पानावर गाड्यांचा नियम होता. गाडी जिथं सुरू होते, तिचा धूर तिथला धरायचा.

"ड्रायव्हरला बोलवा," साहेब म्हणाले.

ड्रायव्हर सरळ माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी गाडी पलीकडे ढकलत न्यायची आणि मग सुरू करायची?"

"हो."

"साहेब, मला चालवायला ठेवलंय की ढकलायला?"

"ऐंशी टक्के चालवायला," साहेब म्हणाले. "वीस टक्के ढकलायला."

दोन दिवसांत पलीकडचीही जीप अलीकडे ढकलत यायला लागली. रोज दहाला दहा कमी असताना गल्लीच्या मध्यात दोन जीप समोरासमोर यायच्या, दोन्हींच्या मागं चार चार शिपाई, बाह्या वर केलेले. ड्रायव्हर एकमेकांना हात करायचे. मग ही तिकडं जाऊन सुरू व्हायची, ती इकडं येऊन. दोघी जायच्या कुठं, तर दोन्ही ऑफिसांचं टपाल एकाच पोस्टात टाकायला. चालत सात मिनिटं.

घरात बोलणं बंद झालं होतं. सगळा व्यवहार सासऱ्यांच्या मार्फत. सासरे वीजमंडळातले निवृत्त मीटर रीडर. चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटर वाचलेले. त्यांना या कामाचा त्रास नव्हता, उलट रंगत वाटायची.

"जावईबापू, पलीकडच्या विभागाचं म्हणणं आहे की ओला टॉवेल पलंगावर टाकू नये."

"बाबा, तिला सांगा, टॉवेल माझ्या हद्दीत आहे."

"पोरी, अलीकडचा विभाग म्हणतो, टॉवेल त्याच्या हद्दीत आहे."

"मग त्याला म्हणावं, आजची पोळी माझ्या हद्दीत आहे."

त्या रात्री मोजणीदार बिस्किटं खाऊन झोपला.

बाहेर ढकललेली जीप वजा करून, आत आलेली न धरता पलीकडचाही आकडा शेवटी साडेवीसवर आला आणि वर गेला. दोन शेजारचे विभाग, दोघांचे साडेवीस. मोठ्या ऑफिसला इतका आनंद झाला की त्यांनी तपासनीस बाई पाठवल्या. तपासायला नाही, शिकायला. कसं केलं हे बाकीच्यांना सांगायचं होतं.

बाई आल्या त्या नेमक्या दहाला दहा कमी असताना. गल्लीत दोन जीप नाकाला नाक लावून अडकल्या होत्या, कारण त्या दिवशी दोन्हींकडच्या शिपायांनी नको तेवढा जोर लावला होता. मध्ये चहाचा ट्रे घेतलेला कॅन्टीनवाला. वरून खोकल्याची वायर, आणि वायरवर कुणाचा तरी वाळत घातलेला रुमाल. बाईंच्या गाडीनं पंधरा मिनिटं हॉर्न दिला. त्यांची गाडी ना अलीकडे ना पलीकडे, आणि इंजिन चालू. साहेब आणि मॅडम दोघंही तिच्या मागच्या नळीकडे बघत होते, ती कुणाच्या बाजूला वळलीय ते.

शेवटी बाई उतरल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, हातात पातळ फाईल. त्यांनी जीप बघितल्या, वायर बघितली, गॅरेज बघितलं. मग म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, धूर कमी झालाय का?"

"आमच्याकडे झालाय," टक्केसाहेब म्हणाले. "साडेवीस टक्के."

"आमच्याकडेही," मॅडम म्हणाल्या. "तेवढाच."

"मग गेला कुठं?"

साहेबांनी पलीकडे बघितलं. मॅडमनी अलीकडे बघितलं. शिपायांनी वर बघितलं.

"कुठं जायचाय," वरून आवाज आला. "इथंच आहे. त्रेचाळीस."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सासरे उभे होते, चष्मा कपाळावर. पहिल्या वर्षी मोजणीदाराला धूर मोजायची दोन यंत्रं मिळाली होती. एक ऑफिसच्या गच्चीवर बसवलं, त्याच्यावर साहेबांनी पाण्याची टाकी बांधली. दुसरं ठेवायला ऑफिसात कपाट नव्हतं म्हणून ते घरी आलं आणि कपड्यांच्या दोरीशेजारी टांगलं गेलं. त्याला काटा होता. काटा दिसला की सासऱ्यांना राहवत नाही. गेली जवळजवळ पाच वर्षं रोज दहाच्या ठोक्याला ते आकडा बघत होते आणि वहीत उतरवत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं.

सासरे वही घेऊन खाली उतरले. बाईंनी पहिलं पान उघडलं. चाळीस. मग मधलं. एकेचाळीस. मग शेवटचं.

"खोकल्या अलीकडे होता तेव्हा बेचाळीस," सासरे बोट ठेवत म्हणाले. "पलीकडे गेला तेव्हाही बेचाळीस. भट्टी इकडं आली, बेचाळीस. जीप ढकलायला लागले तेव्हापासून त्रेचाळीस. एक वाढला, कारण थंड गाडी सुरू व्हायला जास्त वेळ घेते."

"यंत्र कुणाचं?" बाईंनी विचारलं.

यंत्र बिघडलंय असं म्हटलं की विषय संपत होता. साहेब डोळ्यांनी तेच सांगत होते. बिघडलंय म्हण, कायम हो, नळ बदल.

"माझं," तो म्हणाला.

"वाचन बरोबर आहे?"

त्यानं बायकोकडे बघितलं. ती मॅडमच्या मागं उभी होती. अकरा दिवसांनी तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"बरोबर आहे."

"दुसऱ्या कुणी पडताळलंय?"

"मी," बायको म्हणाली. "रोज. कपडे वाळत घालताना."

बाईंनी तिथंच जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवून चार पानं लिहिली. त्यांची गाडी तोवर चालूच होती, ते मात्र त्यांनी लिहिलं नाही.

संध्याकाळी घरी दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसले.

"गेली नोकरी," मोजणीदार म्हणाला.

"दोघांचीही गेली, हे बरं झालं," बायको म्हणाली, आणि पोळीचा डबा त्याच्याकडे सरकवला. "एकाचीच गेली असती तर मी तुला घरात घेतलं नसतं."

"घर तुझ्या बाबांचं आहे."

"तेच म्हणतेय."

तीन आठवड्यांनी तीन पत्रं आली.

पहिल्यात दोन्ही विभाग पास. वहीतला धूर धरता येणार नाही, कारण यंत्र गॅलरीत, गॅलरी भिंतीच्या तीन फूट बाहेर, म्हणजे गल्लीवर. आणि गल्ली कुणाचीच नाही. अलीकडच्याचा नकाशा अलीकडच्या फुटपाथला संपतो, पलीकडच्याचा पलीकडच्या. मधल्या नऊ मीटरचा कुणी विचारच केलेला नव्हता. हे वाचून दोन्ही ऑफिसांनी त्याच दुपारी खोकल्या, भट्टी आणि दोन्ही जीप ओढत आणून गल्लीच्या मध्यात ठेवल्या. आता नावावर कुणाच्याच काही नाही.

दुसरं पत्र दोघांना होतं. आराखडा यशस्वी झाल्यामुळे आता धूर मोजायची गरज उरलेली नाही. सबब दोन्ही पदं बंद.

मोजणीदारानं ते दोनदा वाचलं. "पास झालो म्हणून काढलं?"

"आणि नापास झालो असतो तरी काढलं असतं," बायको म्हणाली. "वाच, तिसरं वाच."

तिसरं सासऱ्यांना होतं. मधल्या नऊ मीटरचं आता वेगळं क्षेत्र झालं होतं. त्याला त्याचा आराखडा, सुरुवात त्रेचाळीसवर, पाच वर्षांत वीस टक्के कमी. मोजणी अधिकारी म्हणून सासरे, कारण सलग पाच वर्षांची नोंद अख्ख्या राज्यकारभारात त्यांच्या एकट्याकडे निघाली. पद कायम. वय बहात्तर होतं, पण फॉर्ममध्ये वयाचा रकानाच नव्हता. हाताखाली दोन मदतनीस. कंत्राटी, अकरा महिने.

"अर्ज करा," सासरे म्हणाले. "मी मुलाखत घेतो. जावईबापू आधी."

सासऱ्यांनी गॅलरीत स्टूल टाकलं, ते ऑफिस. त्यांचा आराखडा तीन ओळींचा होता. खोकल्याची किल्ली माझ्याकडे राहील. टपाल चालत न्यावं. भट्टी दिवसातून दोनदाच पेटेल. टक्केसाहेब भांडायला आले. गल्ली ओलांडायची गरज नव्हती, पण स्वतःचे तीन जिने उतरून सासऱ्यांचे दोन जिने चढून आले, त्यामुळे अर्धा तास त्यांना बोलताच आलं नाही.

"लाईट गेल्यावर पंखा?" शेवटी ते म्हणाले.

"खिडकी उघडा."

खिडकीपुढं पाच वर्षं फायलींचं कपाट होतं. ते हलवलं. वारा आला. कुणाचंच काही अडलं नाही, काम जेवढं आधी व्हायचं तेवढंच झालं. ड्रायव्हर टपाल घेऊन चालत जायला लागला आणि त्याचं पोट थोडं कमी झालं, ते त्यानं सगळ्यांना दाखवलं.

आणि काटा उतरायला लागला. एकेचाळीस. अडतीस. छत्तीस. दोन सरकारांना पाच वर्षांत जे जमलं नाही ते एका म्हाताऱ्यानं किल्ली खिशात ठेवून महिन्याभरात केलं. गल्लीत समोरचा बोर्ड लांबून वाचता यायला लागला. मोजणीदार आणि बायको गॅलरीत उभे राहून तो मोठ्यानं वाचायचे, उगाचच.

काल पस्तीस आला.

आज सकाळी तिघं चहाला बसले होते. बायकोच्या हातात तिसरं पत्र होतं. पत्राची मागची बाजू कुणी वाचलीच नव्हती, ती तिनं वाचली. कप खाली ठेवला.

"त्रेचाळीसचे वीस टक्के किती?"

"आठ पूर्णांक सहा. का?"

"म्हणजे चौतीस पूर्णांक चार. आज काटा चौतीस दाखवणार."

"मग चांगलंच आहे की. पाच वर्षांचं काम महिन्यात—" मोजणीदार बोलता बोलता थांबला. त्यानं पत्र हातात घेतलं. मागं लिहिलं होतं, उद्दिष्ट गाठताच सर्व पदं बंद करण्यात येतील.

"कायमवालं पण?" सासऱ्यांनी विचारलं.

"सर्व म्हणजे सर्व, बाबा."

नळ ठिबकत होता. सासऱ्यांनी परवाच नवं पातेलं आणलं होतं, त्यात पाण्याचा आवाज फार स्वच्छ यायचा.

"खोटा आकडा मी लिहिणार नाही," सासरे म्हणाले.

"कुणी लिहा म्हणतंय?" बायको म्हणाली.

"चौतीस वर्षांत एक युनिट इकडचं तिकडं केलं नाही मी."

"माहितेय बाबा."

"मी फक्त वाचतो. दहाच्या ठोक्याला जो असेल तो." सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली, साखरेच्या डब्याशेजारी ठेवली आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. "दहाच्या आधी गल्लीत काय चालतं, त्याला माझ्या वहीत रकाना नाही."

मोजणीदार किल्लीकडे बघत बसला. बायको त्याच्याकडे बघत बसली.

"दहाच मिनिटं," ती हळूच म्हणाली. "पस्तीसपुरता."

"खोकायलाच पाच मिनिटं घेतो तो."

"मग पंधरा."

त्यानं चहा अर्धा तसाच ठेवला, किल्ली उचलली आणि दारात जाऊन चपला शोधायला लागला.

"अरे, चहा तरी संपव," पेपरामागून सासरे म्हणाले.

"नको बाबा, मला आता निघायला हवं. पावणेदहा वाजलेत."